मे महिन्यातलं शिखर, सप्टेंबरातला तळ: हवेच्या ऋतुचक्राच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

प्रश्न साधा आहे, पण गेले कित्येक महिने पाठ सोडत नाही. उत्तर गोलार्धात सगळ्यात उबदार काळ जून ते ऑगस्ट. नेमक्या त्याच काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड घसरतो. मग ‘उष्णता वाढली की हा वायू वाढतो’ असं जे सरसकट म्हटलं जातं, ते कोणत्या वाटेने आणि कोणत्या कालावधीसाठी खरं आहे? आकडे स्वतःच्या हाताने फिरवल्याशिवाय मला ते पटणार नाही. म्हणून ही वही.

आज मौना लोआची मासिक सरासरीची फाइल उतरवून घेतली. हवाईतला हा ज्वालामुखी. वेधशाळा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, भोवती लाव्हाचा काळा उजाड उतार. जवळ झाडझाडोरा नाही, कारखाने नाहीत, म्हणून इथली हवा फार मोठ्या प्रदेशाची सरासरी सांगते. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या उपकरणाने २९ मार्च १९५८ रोजी इथला पहिला आकडा नोंदवला: ३१३ पीपीएम, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंमागे ३१३. पहिल्या वर्षी वीज जाऊन नोंदी तुटत होत्या आणि आकडा महिन्यागणिक सरकत होता. आपल्या हाती नुसता गोंधळ लागतोय की काय, अशी काळजी कीलिंग यांना वाटली होती. दुसऱ्या वर्षी तोच चढ आणि तोच उतार त्याच महिन्यांत पुन्हा आला, तेव्हा कळलं की हे उपकरणाचं नाही, हवेचं आहे. ही गोष्ट मी पूर्वीही वाचली होती. आज १९५८ आणि १९५९ च्या ओळी एकाखाली एक ठेवून पाहिल्यावर ती खऱ्या अर्थाने कळली.

१३ जानेवारी

पहिला आलेख काढला आणि रेषा एका ठिकाणी थेट खड्ड्यात गेली. १९६४ च्या सुरुवातीचे काही महिने मोजमाप झालेलंच नाही. पैशांअभावी काम थांबलं होतं. फाइलमध्ये अशा जागी ऋण ९९.९९ असा आकडा भरलेला असतो आणि मी तो खरा धरला होता. रिकाम्या जागा रिकाम्या म्हणून वाचायला लावल्या. आकडेमोडीत त्या जागा शेजारच्या महिन्यांवरून भरायच्या नाहीत असं ठरवलं. जिथे मोजलं नाही तिथे आलेख तुटलेलाच दिसू दे.

१९ जानेवारी

आज दिवस फुकट गेला, पण कारण लिहून ठेवण्यासारखं आहे. तापमानाची जागतिक मालिका घेतली आणि कार्बन डायऑक्साइडच्या चढउताराशी जोडून पाहिली. नातं शून्य. दोन तास कोड तपासला. मग मालिकेचं शीर्षक नीट वाचलं: हे आकडे तापमानाचे नव्हते, १९५१ ते १९८० या काळातल्या त्या त्या महिन्याच्या सरासरीपासून किती फरक पडला त्याचे होते. जुलैची तुलना जुलैशी, जानेवारीची जानेवारीशी. म्हणजे ऋतू त्यातून आधीच वजा झालेले. ज्यात ऋतूच नाहीत त्यात मी ऋतुचक्र शोधत होतो.

ही मालिका पुढे लागणार आहे, वर्षावर्षांतला फरक पाहायला. ऋतूसाठी मात्र प्रत्यक्ष तापमान हवं. जाता जाता एक गोष्ट हाती लागली: सगळ्या पृथ्वीची सरासरी काढली तरी तिला ऋतू आहे. जानेवारीत सुमारे १२ अंश, जुलैत सुमारे १६. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, तरीही. कारण बरीचशी जमीन उत्तरेला आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, लवकर निवते. कार्बन डायऑक्साइडचं ऋतुचक्रही याच जमिनीमुळे आहे हे पुढे दिसेलच.

२६ जानेवारी

दीर्घकालीन चढ काढून टाकण्यासाठी द्विघाती वक्र (हळूहळू वाकत जाणारी रेषा) आणि त्यावर चार हार्मोनिक, म्हणजे वर्षात एक, दोन, तीन आणि चार वेळा फिरणाऱ्या लाटा, बसवले. ही पद्धत या क्षेत्रात जुनी आणि नावाजलेली आहे. उरलं ते नुसतं ऋतुचक्र: मे महिन्यात शिखर, सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तळ, दोहोंत सुमारे ६ पीपीएमचं अंतर.

मग आडव्या अक्षावर उत्तर गोलार्धातल्या जमिनीचं तापमान आणि उभ्या अक्षावर हे ऋतुचक्र घेऊन बारा ठिपके मांडले. सरळ रेष येईल, चढती नाहीतर उतरती, असं वाटलं होतं. आली एक लांबट कडी. एकाच तापमानाला दोन वेगळे आकडे: वसंतात जास्त, शरदात कमी.

बराच वेळ त्या कडीकडे पाहत बसलो. मग उमगलं, की मी चुकीची गोष्ट मोजतोय. हवेतला कार्बन डायऑक्साइड ही शिल्लक आहे. तापमानाचं नातं शिलकेशी नसून आवक-जावकेशी आहे. उबदार दिवशी झाडं वायू ओढून घेतात आणि माती तो सोडते. त्या दिवसाची शिल्लक मात्र आधीच्या सगळ्या दिवसांच्या हिशोबातून ठरते. मे महिन्यात शिखर येतं ते वायू सर्वांत जास्त सोडला जातो म्हणून नव्हे. तो येणं आणि जाणं बरोबरीला येण्याचा काळ आहे. तिथून पुढे जावक भारी होते. सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही पुन्हा बरोबरीला येतात, तो तळ.

२ फेब्रुवारी

शिलकेऐवजी दर घेतला: एका महिन्यातून दुसऱ्यात जाताना किती वाढ, किती घट. कडी बऱ्यापैकी मिटली. सर्वांत जलद घट जुलै ते ऑगस्टच्या दरम्यान, महिन्याला दोन पीपीएमच्या थोडी वर, आणि जमीन सर्वांत उबदार असते तीही तेव्हाच. तापमान आणि घटीचा वेग हातात हात घालून चालतात.

पण हिवाळ्याची बाजू जमत नाही. नातं नुसतं ‘उबेत घट, थंडीत वाढ’ असं असतं, तर सर्वांत थंड जानेवारी-फेब्रुवारीत वाढ सर्वांत जलद दिसायला हवी. तशी ती नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढ जोरात असते, ऐन थंडीत ती जवळपास निम्म्यावर येते आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा जोर धरते. वाढीला दोन उंचवटे आहेत आणि मध्ये खळगा. आधी गणितातली गफलत वाटली, म्हणून चारऐवजी तीन हार्मोनिक घेऊन पाहिले, मग मासिक सरासरींची साधी वजाबाकी केली. खळगा जागचा हलत नाही.

प्रकल्प खरा इथून सुरू होतोय.

४ फेब्रुवारी

एक सावधगिरीची नोंद, कारण ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. दर घेतला की दीर्घकालीन चढ जवळजवळ नाहीसा होतो. उरते ती एक स्थिर संख्या. त्यामुळे ‘वाढीचा दर तापमानाशी जुळतो, म्हणून गेल्या साठ-सत्तर वर्षांतली वाढही तापमानानेच झाली’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या गोष्टीबद्दल बोलायचं तीच गणिताने आधी बाजूला काढलेली असते. त्या चढाचा हिशोब स्वतंत्र आणि उघड आहे. माणसं दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याच्या साधारण निम्मा हवेत उरतो, बाकीचा जमीन आणि समुद्र शोषून घेतात. तापमान त्या चढावरच्या लाटा घडवतं. माझा प्रकल्प या लाटांचा आहे.

९ फेब्रुवारी

मित्राला आलेख दाखवला. तो म्हणाला, “हे सगळं समुद्राचं कशावरून नाही? गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, हे तर शाळेत शिकलोय.”

प्रश्न रास्त आहे. पाणी एक अंशाने तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. मोजलेला आकडा ४.२३ टक्के. दाब ४०० असेल तर एका अंशामागे सुमारे १७. म्हणजे परिणाम लहान नाही. पण दिशा पाहा. समुद्र उत्तरेच्या उन्हाळ्यात तापतो, तेव्हा त्याने वायू बाहेर सोडायला हवा आणि हवेतला आकडा वाढायला हवा. आपल्याला दिसते ती घट. समुद्राचं तापमान जमिनीच्या उलट ढकलतं, आणि तरीही जमीन जिंकते. शिवाय पाणी आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण संथ असते. वरचा थर हवेशी बरोबरी साधेपर्यंत ऋतू बदललेला असतो.

याहून ठोस पुरावा कार्बन-१३ चा, म्हणजे नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा किंचित जड अशा कार्बनचा. प्रकाशसंश्लेषण करताना झाडं हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे उन्हाळ्यात ती वायू ओढून घेतात तेव्हा हवेत मागे उरलेल्यात कार्बन-१३ चं प्रमाण थोडं वाढतं. समुद्राच्या देवाणघेवाणीने असा ठसा जवळपास उमटत नाही. मौना लोआवर कार्बन-१३ चा आलेख कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचं आरशातलं प्रतिबिंब वाटावा इतका उलटा चालतो. हे झाडामातीचंच काम आहे. मित्राला पटलं, आणि त्याला समजावताना माझंही पक्कं झालं.

१५ फेब्रुवारी

ऐन थंडीतल्या खळग्यावर माझा अंदाज: माती गारठते आणि तिचं श्वसन मंदावतं. मातीतले जिवाणू आणि बुरशी पालापाचोळा कुजवतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे काम रासायनिक अभिक्रियांचं आहे आणि त्यांचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळ नियम असा, की दहा अंश वाढले की वेग दुपटीच्या आसपास जातो. तसं असेल तर तापमानाचे हात दोन झाले. एक पानांना चालना देतो, दुसरा मातीला. उन्हाळ्यात दोन्ही चालतात आणि पानं जिंकतात. शरदात पानं गळतात पण माती अजून उबदार असते, वर ताजा पाचोळा पडलेला. म्हणून वाढ जोरात. ऐन थंडीत दोन्ही थंड. वसंतात बर्फ वितळून माती जागी होते, पानं अजून फुटायची असतात, पुन्हा वाढ.

वाचायला छान वाटतं. तपासून पाहायचं आहे. तीन सारख्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत एकाच कुंडीतली, तेवढ्याच वजनाची, तेवढीच ओली माती. प्रकाशसंश्लेषण मध्ये येऊ नये म्हणून बाहेरून काळा कागद. इन्फ्रारेड शोषणावर चालणारा एक छोटा सेन्सर आळीपाळीने बसवायचा. तापमानं ५, २५ आणि ३५ अंश.

१८ फेब्रुवारी

तीन दिवसांचे आकडे टाकून द्यावे लागले. सेन्सर ठरावीक काळाने स्वतःची शून्यरेषा सरकवतो: त्या काळात दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असं तो धरून चालतो. खोलीत टांगायचं असेल तर ही सोय चांगली. बंद बरणीत मात्र सगळेच आकडे मोकळ्या हवेच्या वर असतात, त्यामुळे त्याने मातीचा श्वास हळूहळू गिळून टाकला. ही सोय बंद केली आणि प्रत्येक मोजणीआधी सेन्सर उघड्या खिडकीत ठेवून तपासायचं ठरवलं.

दुसरी दुरुस्ती तापमानाची. सेन्सर प्रकाशाच्या वाटेत आलेले रेणू मोजतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड असला तरी ५ अंशांना २५ अंशांपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त रेणू मोजले जातात. केल्विनमध्ये २९८ भागिले २७८, इतकं साधं गणित. ते कोडमध्ये घातलं.

१ मार्च

बरण्यांनी उत्तर दिलं. ५ अंशांच्या बरणीत आकडा चढतो, पण रेंगाळत. २५ अंशांच्या बरणीचा वेग त्याच्या चौपटीच्या किंचित खाली. वीस अंशांच्या फरकाला दुप्पट गुणिले दुप्पट, नियमाला धरून. ३५ अंशांची बरणी पहिल्या दिवशी सर्वांत पुढे होती, दुसऱ्या दिवशी थकली. माती वाळली नव्हती, बरणी बंदच होती. माझ्या मते चटकन कुजण्यासारखं अन्न संपत आलं. म्हणजे तापमान वेग ठरवतं, पण किती वेळ चालेल हे साठा ठरवतो.

एक बरणी उगाच फ्रीझरमध्येही ठेवून पाहिली. तिथे आकडा जवळपास हललाच नाही. ५ अंश आणि गोठणं यांत मातीच्या दृष्टीने फार मोठी दरी आहे. ५ अंशांची माती मंद असली तरी जिवंत आहे. गोठलेल्या मातीला पाणीच मिळत नाही.

८ मार्च

नोंदी वाचणाऱ्या एकाने विचारलं, की उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते म्हणून पीपीएम कमी दिसत असेल. नाही. पीपीएम हे रेणूंमधलं प्रमाण आहे. हवा फुगली तरी सगळेच रेणू सारखे पांगतात आणि प्रमाण तेच राहतं. माझ्या सेन्सरची अडचण वेगळी होती: तो प्रमाण मोजत नाही, दाटी मोजतो.

पाण्याच्या वाफेची गोष्ट मात्र खरी अडचणीची आहे. दमट हवेत ३ टक्के वाफ असेल तर तेवढ्याने बाकी सगळ्या वायूंचं प्रमाण ३ टक्क्यांनी घसरतं. ४०० पीपीएमवर ही घसरण १२ पीपीएम, म्हणजे मौना लोआच्या संपूर्ण ऋतुचक्राच्या दुप्पट. हवा न वाळवता मोजलं असतं तर ऋतूंची दमट-कोरडी चाल कार्बन डायऑक्साइडच्या नावावर खपली असती. म्हणूनच हवा आधी थंड सापळ्यातून नेऊन तिच्यातली वाफ गोठवतात आणि मग मोजतात. कीलिंग यांच्या कामातली मला सर्वांत भावणारी गोष्ट हीच: मोजण्याआधी काय काय वगळायचं हे त्यांनी नेमकं ओळखलं.

१६ मार्च

आता दोन टोकं. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचं बॅरो, आताचं उत्कियाग्विक, ७१ अंश उत्तर. आणि दक्षिण ध्रुव.

दक्षिण ध्रुवावर ऋतुचक्र एक-दीड पीपीएमच्या घरातलं, तेही उलट्या ऋतूंचं. दक्षिणेकडे झाडं-माती असलेली जमीन थोडी, समुद्र अफाट. समुद्राचं तापमान मुख्य कारण असतं तर इथे मोठा हेलकावा दिसायला हवा होता. मित्राच्या प्रश्नाला हे आणखी एक उत्तर.

बॅरोचा आलेख पाहून थरारलो. हेलकावा १५ पीपीएमच्या वर, मौना लोआच्या अडीचपट किंवा अधिक. आणि आकार किती वेगळा! मे महिन्यापर्यंत सपाट पठार, जूनमध्ये कडा तुटल्यासारखी घसरण, ऑगस्टमध्ये तळ, मग सप्टेंबर ते डिसेंबर सपाट्याने वर. जानेवारीपासून पुन्हा पठार. मौना लोआवर जो खळगा मी खरा की खोटा म्हणून तपासत होतो, तो इथे डोळ्यांत भरतो. थंडी कडाक्याची झाली की भर जवळजवळ थांबते. फ्रीझरमधली बरणी आठवली.

तळ बॅरोला ऑगस्टात आणि मौना लोआला सप्टेंबरच्या अखेरीस, कारण उत्तरेच्या अरण्यांवरून आणि टुंड्रावरून (ध्रुवाजवळच्या, झाडं नसलेल्या गोठक्या मैदानांवरून) गेलेली हवा मिसळत मिसळत दक्षिणेला पोचायला वेळ लागतो. वाटेत तिच्या कडा गुळगुळीत होतात. तापमानाचा परिणाम शोधायचा तर बॅरोसारख्या, उगमाजवळच्या ठाण्यावर शोधावा.

३० मार्च

आतापर्यंतच्या सगळ्याला एक मूलभूत अडचण आहे: ऊब आणि उजेड एकत्रच येतात. पानं फुटतात ती उबेने की दिवस मोठा झाल्याने, हे बारा महिन्यांच्या सरासरीतून कधीच कळणार नाही. पण २१ जूनचा दिवस दरवर्षी तेवढाच लांब असतो. तापमान मात्र बदलतं. म्हणून १९ जानेवारीला चुकून घेतलेली ती फरकांची मालिका आता बाहेर काढली: जो वसंत नेहमीपेक्षा उबदार होता, त्या वर्षी आलेख शून्यरेषेच्या, म्हणजे दीर्घकालीन चढ काढल्यावर उरलेल्या सरासरी पातळीच्या, खाली लवकर उतरला का?

मासिक सरासरीने हे दिसेना. फरक दिवसांचा असतो. दैनिक आकड्यांकडे वळलो. दिवसागणिक वारा फिरला की आकडा उड्या मारतो, त्यामुळे गुळगुळीत करणं आलं, आणि किती गुळगुळीत करायचं यावर उत्तराची तारीख एक-दोन दिवस सरकते. गुळगुळीत करण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती, म्हणजे गाळण्या, लावून तिन्हींत टिकेल तेवढंच खरं मानायचं ठरवलं.

१३ एप्रिल

टिकलं. उबदार वसंताच्या वर्षी उतरण लवकर सुरू होते. ठिपके विखुरलेले आहेत, पण कल स्पष्ट आहे. कीलिंग, चिन आणि व्हॉर्फ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं होतं: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हवाईतला हेलकावा सुमारे २० टक्क्यांनी आणि आर्क्टिकमधला सुमारे ४० टक्क्यांनी वाढला, आणि उतरण सुमारे ७ दिवस अलीकडे सरकली.

मालिकेचे दोन भाग केले तर अलीकडच्या भागात वसंताच्या उबेशी असलेलं हे नातं सैल झालेलं दिसतं. प्रसिद्ध संशोधनातही साधारण १९९६ नंतर असंच दिसल्याचं वाचलं, म्हणून माझ्या गाळण्यांचा दोष नसावा. आणखी एक अंश मिळाला म्हणून झाड तेवढंच लवकर पालवेल असं नाही. उजेड, पाणी, पुरेशी थंडी, यातलं दुसरंच काहीतरी आडवं येतं.

२० एप्रिल

तोच प्रयोग शरदासाठी. आणि इथे उत्तर उलटं. उबदार शरदात पानं थोडी जास्त टिकतात, पण माती त्याहून जास्त सोडते. आलेख शून्यरेषा ओलांडून लवकर वर जातो. २००८ मध्ये पियाओ आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं होतं: वसंतातल्या उबेने जे कमावलं, त्यातलं बरंचसं शरदातली ऊब परत घेते. तोच एक अंश एप्रिलमध्ये हवेतून जावक वाढवतो, ऑक्टोबरमध्ये हवेत आवक. वर्षाची सरासरी घेतली असती तर दोन्ही एकमेकांत मिटून गेले असते आणि मी ‘परिणाम नाही’ असं लिहून मोकळा झालो असतो.

टुंड्राबद्दल वाचलं ते बरण्यांशी इतकं जुळतं की आज रात्री झोप उशिरा लागणार. शरदात ओली माती गोठू लागते तेव्हा पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि मातीचं तापमान कित्येक आठवडे शून्याजवळच अडकून राहतं. वर हवा उणे दहा-वीस, खाली माती शून्याला, न गोठलेली, श्वास घेत असलेली. शरद उबदार झाला की हा काळ लांबतो. अलास्काच्या उत्तर उतारावरच्या टुंड्रातून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सुटणारा कार्बन डायऑक्साइड १९७५ पासून सुमारे ७३ टक्क्यांनी वाढल्याचं २०१७ च्या अभ्यासात आहे. बॅरोच्याच नोंदींवरून.

२७ एप्रिल

उन्हाळ्याचं काय? अपेक्षा होती की गरम उन्हाळ्यात घसरण खोल होईल. तसं सरसकट नाही. काही उबदार उन्हाळ्यांत ती उथळ आहे. पाण्याचं कारण. युरोपातल्या २००३ च्या उष्णलाटेत आणि दुष्काळात तिथलं प्रकाशसंश्लेषण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. पान पाणी वाचवण्यासाठी रंध्रं मिटतं आणि रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. त्याच वेळी मातीचं श्वसनही घटलं होतं, कारण कोरड्या मातीत जिवाणूही थंडावतात. तापमान जास्त असूनही दोन्ही हात आखडले. माझ्या कोडमध्ये पावसाचा स्तंभ नाही ही मोठी उणीव आहे.

४ मे

पिनाटुबो. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला हा ज्वालामुखी फुटला, गंधकाचे कण वरच्या वातावरणात पसरले आणि १९९२ मध्ये पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने निवली. त्या वर्षी मौना लोआवरची वार्षिक वाढ एक पीपीएमच्याही आत राहिली. शिवाय तेव्हा एल निन्यो चालू होता. एल निन्योच्या वर्षांत वाढ सहसा जास्त असते, कारण उष्ण कटिबंध तापतो आणि कोरडा पडतो. थंडीने मातीचं श्वसन मंदावलं, हे एक कारण. दुसरं असं, की कणांमुळे ऊन विखुरलं आणि पसरलेला उजेड झाडाच्या आतल्या, सावलीतल्या पानांपर्यंत पोचला. ऊब आणि उजेड वेगळे करायला निसर्गाने एक प्रयोग करून दिला आणि त्यातही दोन्ही एकत्रच बदलले.

१८ मे

हेलकावा वाढतोय, ते नेमकं कशाने? विमानातून केलेल्या मोजणीत, ४५ अंश उत्तरेच्या वर, तीन ते सहा किलोमीटर उंचीवर, १९५८–६१ आणि २००९–११ यांच्या दरम्यान तो सुमारे ५० टक्क्यांनी मोठा झालेला आढळला. वीस-पंचवीस टक्के समजू शकतो. पन्नास टक्के म्हणजे अरण्यांचं वागणंच बदललंय.

एकट्या तापमानावर हे ढकलायचा मला मोह होतो, प्रकल्पाचा विषयच तो आहे. पण आकडे तसं करू देत नाहीत. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्याने प्रकाशसंश्लेषणालाच खतपाणी मिळतं. उत्तरेकडे झाडोरा दाट होतोय. आणि शेती: मका, गहू, भात आणि सोयाबीन यांचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलंय, पीक थोड्या आठवड्यांत भराभर कार्बन ओढतं आणि कापणीनंतर तो वर्षभरात परत हवेत जातो. वाढलेल्या हेलकाव्याचा एक चतुर्थांशापर्यंत हिस्सा या पिकांचा असू शकतो, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. माझं मत: तापमानाने ऋतूच्या कडा सरकवल्या, म्हणजे उतरण कधी सुरू व्हायची आणि भर कधी, हेलकाव्याची खोली वाढवण्यात इतरांचा वाटा मोठा असावा. बॅरोच्या आकड्यांवरून याहून जास्त ठामपणे बोलण्याची माझी तयारी नाही.

८ जून

मे महिन्याची सरासरी जाहीर झाली: ४३० पीपीएमच्या पुढे. मौना लोआवर मासिक सरासरीने हा आकडा पहिल्यांदाच ओलांडला. माझ्या फाइलच्या पहिल्या ओळींपासून शंभराहून जास्त पीपीएमचा चढ, आणि त्यावर ही सहा-सात पीपीएमची लाट. चढ पाहिला की छातीत धस्स होतं, ते लपवत नाही. लाटेकडे मात्र मी दररोज पाहतो.

दैनिक आकडे कलू लागलेत. उत्तरेच्या अरण्यांत पानं पूर्ण उघडली असणार.

२२ जून

मातीच्या ओलाव्याचा स्तंभ जोडला. उन्हाळ्याचे विखुरलेले ठिपके थोडे एकत्र आले: ओले-उबदार उन्हाळे एका बाजूला, कोरडे-उबदार दुसऱ्या. बरण्या पुन्हा भरल्या आहेत, यावेळी तापमान एकच, २५ अंश, आणि ओलावा तीन प्रकारचा. चौथ्या बरणीत शून्याजवळची माती ठेवायची आहे, बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून, म्हणजे ती गोठणारही नाही आणि तापणारही नाही. बॅरोचा ऑक्टोबर असाच असतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून बॅरोचे दैनिक आकडे रोज उतरवून घ्यायचे. शून्यरेषा ओलांडण्याची तारीख यंदा आधीच न पाहता, फक्त तिथल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या तापमानावरून वर्तवून इथे लिहायची, आणि मग खरी तारीख तिच्याखाली.